अन्ननलिकेचा कॅन्सर : सीटी झालं, आता पेट, ब्रॉन्को, ईयूएस... एवढं सगळं लागतंच का?

चोपडेकर
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, काही सुटलं असेल तर विचारा.

आमचे नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वय ६३. पोळ्याच्या सुमारास घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग पोळी, आता दिवाळीनंतर वरण-भातसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो. वजन बरंच उतरलंय. बिडी तरुणपणापासून. जळगावला एंडोस्कोपी केली, तुकडा तपासायला पाठवला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर) आला. लगेच छाती-पोटाचं कॉन्ट्रास्ट सीटी झालं. रिपोर्टात असं आहे की अन्ननलिकेच्या मधल्या भागात भिंत जाड झालीय, डाव्या मुख्य श्वासनलिकेशी मधली चरबीची रेघ स्पष्ट दिसत नाही, शेजारी दोन लहान लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) आहेत. यकृत आणि फुप्फुसं ठीक.

आता कॅन्सरच्या डॉक्टरांनी पेट-सीटी, ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण) आणि जमलं तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (ईयूएस) सांगितलंय. त्याशिवाय उपचार ठरवणार नाही म्हणतात. घरात दोन तट पडलेत. धाकटे काका म्हणतात, गाठ दिसली, कॅन्सर ठरला, ऑपरेशन करून मोकळे व्हा, फोटो किती काढायचे? मला डॉक्टरांचं पटतंय, पण काकांना समजावायला माझ्याकडे शब्द नाहीत. सीटीत दिसलं नाही असं पेटमध्ये काय दिसतं? या सगळ्यात वेळ जाऊन आजार वाढला तर? आणि एंडोस्कोपीत "२६ ते ३१ सेंमी" लिहिलंय. एवढी मोठी गाठ असते का?

गिरणाकाठ
स्पष्टच बोलतो. तपासण्यांच्या नावाखाली माणूस अर्धा होतो आणि घरचे पूर्ण. माझ्या मामांना असंच या गावाहून त्या गावाला पाठवत राहिले. पेटची तारीख, मग रिपोर्ट, मग नवा डॉक्टर, मग त्यांची वेगळी तपासणी. शेवटी पाणीही गिळेना. तुमच्या काकांचं चूक नाही. उपचार सुरू करा.

सातपुडा
@गिरणाकाठ, कुठला उपचार सुरू करायचा, हेच तर ठरायचंय ना? या कॅन्सरमध्ये कुणाला नुसत्या एंडोस्कोपीतून वरचा थर काढून भागतं, कुणाला आधी केमो-रेडिएशन आणि मग ऑपरेशन, कुणाचं ऑपरेशन करायचंच नसतं. छाती-पोट दोन्हीकडून होणारं ऑपरेशन आहे हे. आत गेल्यावर "आता निघत नाही" असं कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

क्ष-किरण
मी रेडिऑलॉजिस्ट आहे. फिल्म पाहिल्याशिवाय नानांबद्दल मत देणार नाही, पण कोणती तपासणी कशासाठी, ते सांगतो.

आधी सेंटीमीटरचं. ते अंतर समोरच्या दातांपासून मोजलेलं असतं. गाठ दातांपासून २६ सेंमीवर सुरू होते आणि ३१ वर संपते, म्हणजे लांबी साधारण ५ सेंमी. अन्ननलिका स्वतःच सुमारे २५ सेंमीची. श्वासनलिका दुभंगते ती जागा दातांपासून साधारण २५ सेंमीवर येते. नानांची गाठ त्याच्या लगेच खाली आहे, आणि तिथेच डावी मुख्य श्वासनलिका अन्ननलिकेला खेटून जाते. ब्रॉन्कोस्कोपी का सांगितली, ते इथेच कळतं.

स्टेज ठरवताना तीन गोष्टी पाहतात. गाठ भिंतीत किती खोल गेली (टी), जवळच्या किती लिम्फ नोडमध्ये पोचली (एन), आणि लांब कुठे गेली का (एम). या तिन्हींची नीट उत्तरं देणारी एकच तपासणी नाही. घरच्यांना हेच सांगायला हवं.

अन्ननलिकेच्या भिंतीला आतून बाहेर थर असतात. टी१ म्हणजे आतलं अस्तर आणि त्याखालचा थर, टी२ म्हणजे स्नायू, टी३ म्हणजे बाहेरचं सैल आवरण, टी४ म्हणजे शेजारचा अवयव. आतड्याला बाहेरून असतो तसा गुळगुळीत पापुद्रा अन्ननलिकेला नाही, म्हणून हा आजार लवकर शेजारी सरकतो. सीटीत भिंत ५ मिमीहून जाड दिसली की संशय येतो. पण टी१, टी२ की टी३, हे सीटीत उलगडत नाही, सगळं एकच करडं दिसतं. सीटी कामाला येतं ते टी४ ओळखायला आणि यकृत-फुप्फुसं बघायला.

टी४ कसं बघतो, तेही सांगतो. अन्ननलिका, महारोहिणी (हृदयातून निघणारी मोठी धमनी) आणि मणका यांच्या मध्ये चरबीचा छोटा त्रिकोण असतो. सीटीत चरबी काळी दिसते. तो काळा त्रिकोण शाबूत असेल तर आम्हाला हायसं वाटतं. गाठ महारोहिणीच्या गोलाईला ९० अंशांपेक्षा जास्त वेढून असेल तर आत शिरल्याची शंका, ४५ च्या आत असेल तर बहुतेक नाही, मधलं असेल तर नक्की सांगता येत नाही. आता नानांसारखं वजन उतरलेल्या माणसात मुळात चरबीच संपलेली असते. रेघ दिसत नाही याचं कारण गाठही असू शकतं आणि उपासमारही. म्हणून "चरबीची रेघ स्पष्ट नाही" या वाक्यावर कुणाचं ऑपरेशन नाकारायचं नसतं, आणि ते वाक्य डोळ्याआडही करायचं नसतं. दुर्बीण श्वासनलिकेत घालून अस्तर डोळ्यांनी पाहायचं.

चोपडेकर
@क्ष-किरण, दातांपासून मोजतात हे वाचून घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काका तीन दिवस "एक वीतभर गाठ" म्हणत होते. आणि पेट?

क्ष-किरण
पेटमध्ये एफडीजी नावाची किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, त्या जागा उजळतात. गाठ किती खोल आहे यासाठी पेट नव्हे. त्याचा उपयोग एमसाठी. हाडात, लांबच्या लिम्फ नोडमध्ये, यकृतात सीटीला न दिसलेलं काही आहे का, ते कळतं. काही रुग्णांमध्ये नेमकं तिथेच चित्र पालटतं आणि मोठं ऑपरेशन टळतं.

ईयूएस म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी. भिंतीचे थर एकेक करून दिसतात, शेजारच्या नोडमधून सुईने नमुनाही घेता येतो. टी आणि जवळच्या एनसाठी याच्याइतकं बारीक दुसरं काही दाखवत नाही. पण मार्ग अरुंद झाला असेल तर दुर्बीण पुढे जात नाही, आणि इतकी अडलेली गाठ बहुतेक वेळा टी३ किंवा पुढचीच असते. म्हणून "जमलं तर" असं सांगितलं असणार.

तापीकाठ
आईचं पेट झालं होतं, तयारीचं लिहिते, कारण आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

सहा तास काही खायचं नाही, साधं पाणी चालतं. गोड चहा तर नाहीच. आदल्या दिवशी शेतातली मेहनत, फार चालणं नको, नाहीतर स्नायूच उजळतात. शुगर मोजूनच इंजेक्शन देतात, २०० च्या वर असेल तर बहुधा परत पाठवतात. मधुमेह असेल तर गोळी-इन्सुलिनचं आधी फोन करून विचारा. आईच्या वेळी एक जण पहाटे अमळनेरहून निघून आले होते, शुगर जास्त निघाली आणि तसेच परत गेले. फार वाईट वाटलं.

इंजेक्शन शिशाच्या जाड आवरणातल्या सिरिंजमधून देतात. मग एका खोलीत तासभर पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल नाही, अंगावर ब्लँकेट, कारण थंडी वाजली तरी मानेजवळची चरबी साखर ओढते. आई जप करायला लागली तर सिस्टर म्हणाल्या, मावशी, मनातल्या मनात करा, ओठ हलवू नका. नंतर मशीनवर अर्धा तास. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब ठेवायला सांगितलं. नातू दारात रडत होता, आई आत.

आणि चित्रात मेंदू, मूत्राशय आणि कधी हृदयही लखलखतं. ते तसंच असतं. भावाने सीडी उघडून बघितली आणि मेंदूत पसरलं म्हणून रात्रभर झोपला नाही.

क्ष-किरण
@तापीकाठ, उत्तम लिहिलंत. त्या खुणेची किरणं दर ११० मिनिटांनी निम्मी होतात, म्हणून वेळ पाळावी लागते. केंद्रावर उशिरा पोचलात तर तुमच्या वाट्याचा डोस थांबत नाही.

यावलकर
हे सगळं तिखट खाण्याने होतं का? आमच्याकडे शेवभाजीशिवाय पंगत उठत नाही, म्हणून विचारतो.

खापरमांडे
शेवभाजीला यात ओढू नका हो, ती बिचारी निर्दोष आहे!

क्ष-किरण
तिखट हे मुख्य कारण धरलेलं नाही. स्क्वॅमससाठी तंबाखू (बिडी आणि चुन्याबरोबरची, दोन्ही), दारू, सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकली. तेव्हा शेवभाजी खा, पण उकळता चहा बशीत ओतून थोडा निवू द्या. खालच्या टोकाला होतो तो अ‍ॅडेनोकार्सिनोमा, त्याची कारणं वेगळी, वर्षानुवर्षं आम्ल घशाशी येणं आणि लठ्ठपणा.

कळण्याची_भाकरी
पेटबद्दल एक सावधगिरी. माझ्या सासऱ्यांच्या पेटमध्ये छातीच्या मधोमध दोन्ही बाजूंचे नोड उजळले. रिपोर्टात संशय लिहिला होता. नातेवाइकांनी रडारड सुरू केली, एकाने तर "आता घरी न्या" म्हटलं. आमच्या डॉक्टरांनी मात्र अडून सुईने नमुना घेतला. निघाला टीबी! कॅन्सर होता, पण अन्ननलिकेपुरताच आणि जवळच्या एका नोडमध्ये. टीबीची औषधं सुरू झाली, कॅन्सरचे उपचारही झाले. पेटमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सरच, असं धरून कुणी निर्णय घेऊ नका.

क्ष-किरण
शंभर टक्के. आपल्याकडे टीबी आहे, चुलीचा धूर आहे, बिडी आहे, त्यामुळे छातीतले नोड कॅन्सरशिवायही उजळतात. ज्या एका डागामुळे उपचाराची दिशा बदलणार असेल, त्या डागाचा तुकडा किंवा सुई तपासलीच पाहिजे. उलटही होतं. फार लहान, टी१ गाठ पेटमध्ये अनेकदा दिसतच नाही.

आणि एक स्वस्त, गावातली तपासणी सगळे विसरतात. मानेची सोनोग्राफी. हंसळीच्या हाडामागचा नोड सापडला तर तिथेच सुई घालता येते. तो नोड सध्याच्या पद्धतीत लांबचा धरतात, म्हणजे स्टेज थेट बदलते.

भुसावळ_जंक्शन
मी रेल्वेचा माणूस, रेल्वेचं सांगतो. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना तिकिटात सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण, सोबतच्या एकाला तिथे ७५ टक्के. त्यासाठी ठराविक नमुन्यात रुग्णालयाचा दाखला लागतो. पहिल्याच भेटीत मागून घ्या, नंतर त्याच कागदासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागते. परळला टाटाला जाणारी मंडळी रात्रीच्या गाडीने निघतात, सकाळी पोचतात.

दुसरं. फिल्मवर भागवू नका, सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. आणि बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकसुद्धा (मेणात बसवलेला तुकडा). मोठ्या ठिकाणी ते पुन्हा तपासतात.

नवापूरवाला
नंदुरबारकडून आम्हाला सुरत जवळ पडतं. आयुष्मानच्या यादीत नाव असेल तर कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालतं. महात्मा फुले योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पॅकेजमध्ये कुठली तपासणी बसते, कुठली नाही, हे तपासणी करण्याआधी विचारा, बिल भरून झाल्यावर नाही.

शिरपूरनी_पोर
चोपडेकर भाऊ, मना बापले बी हाऊच आजार व्हता. पहिले भाकर अडके, मंग भात बी. तुम्ही नानाना जोडे बसा, बोला, त्यासले एकटं पडू देऊ नका. पातळ खिचडी, दूध-केळं देत ऱ्हावा. बाकी डॉक्टरवर सोडा.

गिरणाकाठ
सगळं वाचलं. क्ष-किरण यांनी सांगितलेलं पटण्यासारखं आहे. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. तपासण्या लागतात हे ठीक, त्या किती दिवसांत व्हाव्यात? रुग्ण उपाशी असताना तारखा देत बसायचं का? मामा कॅन्सरने खंगले की उपाशी राहून, आम्हाला आजही सांगता येत नाही.

टाके_आणि_धागे
@गिरणाकाठ, मी पोटाचा सर्जन आहे. तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि तो आमच्या लोकांनी ऐकला पाहिजे. तपासण्या नीट लावल्या तर दोन आठवड्यांत होतात. आणि त्या काळात पोषण थांबता कामा नये. पातळही उतरत नसेल तर नाकातून नळी, किंवा लहान आतड्यात नळी बसवतात. तपासण्या आणि नळीतून आहार एकाच वेळी चालू शकतात, एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

दोन गोष्टी मात्र घाईत करू नका. एक, स्टेज ठरण्याआधी धातूची जाळी (स्टेंट) बसवणं. जेवण सुरू होतं, घरचे खूश होतात, पण बरं होण्याची शक्यता असलेल्या रुग्णात पुढचं ऑपरेशन आणि रेडिएशन अवघड होतं, ईयूएसही बिघडतं. दुसरं, पोटातून थेट जठरात नळी. अन्ननलिका काढल्यावर आम्ही जठराचीच नळी करून वर आणतो. त्याला आधीच छिद्र नको. नळी घालायची वेळ आली तर ज्यांच्याकडे पुढचं ऑपरेशन होणार, त्यांना विचारूनच.

गिरणाकाठ
हे मामांच्या वेळी कुणी बोललं असतं तर. धन्यवाद डॉक्टर.

चोपडेकर
काही दिवस येता आलं नाही. सगळं झालं, कळवतो.

मानेची सोनोग्राफी जळगावातच केली, स्वच्छ. ब्रॉन्कोस्कोपीत डावी श्वासनलिका बाहेरून किंचित दाबल्यासारखी, पण अस्तर साफ. ईयूएसची दुर्बीण गाठीपुढे गेली नाही, डॉक्टरांनी जोर लावला नाही. पेटमध्ये मूळ गाठ आणि शेजारचा एक नोड उजळला, लांब कुठे काही नाही. नाकातून नळी घातलीय. नाना आता काकूला वेळेवर दूध घाल म्हणून दटावतात, म्हणजे अंगात जोर आलाय.

डॉक्टरांच्या बैठकीत टी३ एन१ एम० ठरलं, स्टेज ३. आधी दर आठवड्याला केमो आणि सोबत रेडिएशन, मग पुन्हा तपासणी, मग ऑपरेशन. काकांना तुमची सगळी उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. ते शेवटी एकच म्हणाले, "मग तीन नंबर म्हणजे किती राहिलं?" याचं उत्तर मला देता आलं नाही.

क्ष-किरण
स्टेज म्हणजे आयुष्याचं कॅलेंडर नव्हे. कुठला उपचार लागू पडेल, ते ती सांगते. टी३ आणि एन१ एकत्र आले की स्टेज ३ होते. एन१ म्हणजे एक किंवा दोन नोड. बऱ्याच लोकांना माहीत नसतं की चौथ्या स्टेजचेही दोन भाग आहेत. ४ए मध्ये लांब पसरलेलं नसतं, फक्त गाठ शेजारच्या अवयवात किंवा नोड सात किंवा त्याहून जास्त. लांब गेलं की ४बी. श्वासनलिकेचं अस्तर फोडून गाठ आत आली असती तर नाना ४ए मध्ये गेले असते आणि ऑपरेशनचा विचार मागे पडला असता. काकांना सांगा, त्या दुर्बिणीने एवढं काम केलं.

टाके_आणि_धागे
काकांच्या प्रश्नाला एक आधार देतो. आधी केमो-रेडिएशन आणि मग ऑपरेशन, या पद्धतीचा नेदरलँड्समधला क्रॉस नावाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ३६६ रुग्ण होते. थेट ऑपरेशन केलेल्या गटात मध्यक आयुर्मान २४ महिने, आधी केमो-रेडिएशन दिलेल्या गटात ४९.४ महिने. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले. आणि या दुसऱ्या गटात ज्यांना नानांसारखा स्क्वॅमस होता, त्यांच्यापैकी ४९ टक्क्यांच्या काढलेल्या नमुन्यात कॅन्सरची पेशीच सापडली नाही. "थेट ऑपरेशन करून मोकळे व्हा" याचं उत्तर या आकड्यांत आहे. अर्थात ते रुग्ण ऑपरेशन झेपतील इतके धडधाकट निवडलेले होते. नानांचं वजन म्हणून महत्त्वाचं.

तापीकाठ
चोपडेकर, खूप बरं वाटलं वाचून. रेडिएशनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गिळताना जास्त दुखतं, आजार वाढला असं वाटतं. घाबरू नका, आईला तसंच झालं होतं, ती सूज असते. ताप आला किंवा पाणी गिळताना ठसका लागला तर मात्र लगेच कळवा.

चोपडेकर
@क्ष-किरण, शेवटचं विचारतो. रेडिएशन संपल्या संपल्या पेट करून घेतलं तर? काका आता उलट म्हणतायत, लवकर फोटो काढा, गेलं का ते बघू.

क्ष-किरण
नको. रेडिएशनची सूजसुद्धा साखर ओढते, त्यामुळे लगेच काढलेल्या पेटमध्ये आग लागल्यासारखं दिसतं आणि सगळे उगाच हादरतात. साधारण सहा आठवडे जाऊ द्या, नेमकी तारीख तुमचे डॉक्टर ऑपरेशनच्या हिशोबाने देतील. ईयूएसही त्या वेळी थर नीट दाखवत नाही, भिंत जाड राहते, त्यामुळे तो आग्रह धरू नका. शक्य असेल तर पेट त्याच केंद्रावर करा, आणि पहिल्या पेटची सीडी नाही दिली तर तुलना कुणाशी करायची? ती जपून ठेवा.

चोपडेकर
सीडी कपाटात, बायोप्सीचे ब्लॉक फाइलमध्ये, रेल्वेचा दाखला पाकिटात. सोमवारी पहिली केमो आहे. येऊन लिहितो.